फोटो मोठा करावा

काकासाहेबांचा फॅक्स आमच्या पुण्याच्या ऑफिसात आला, तेव्हा कागद पुरता बाहेर येईपर्यंतही मला धीर धरवला नाही. प्रशांत म्हणाला, "अगं रुपाली, फाटेल तो." प्रशांत म्हणजे कंपनीचा मालक, आणि कंपनी म्हणजे एका जिन्याखालची खोली, तीन कॉम्प्युटर आणि आम्ही चौघं. १९९९ साल होतं. वेबसाइट बनवणारी माणसं तेव्हा पुण्यातही शोधावी लागत.

फॅक्समध्ये लिहिलं होतं की श्रीगोंद्याच्या लोकमित्र सार्वजनिक वाचनालयाचा यंदा सुवर्णमहोत्सव आहे, वाचनालयाची वेबसाइट आहे पण ती नव्याने करायची आहे, आणि हे काम बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घ्यावं असं संचालक मंडळाने ठरवलं आहे. खाली अध्यक्ष काकासाहेबांची लांबलचक सही होती.

"श्रीगोंद्याला एसटीने हेलपाटे कोण घालणार?" प्रशांत म्हणाला.

"मी," मी म्हणाले. ती सही बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आवाज मी साधाच ठेवला.

प्रशांतला मी नगरकडची आहे एवढंच माहीत होतं. त्या वाचनालयात माझे वडील, छगन, शिपाई होते, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. सकाळी कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, वर्तमानपत्रं काठ्यांना लावायची, हे आबांचं काम. शाळा सुटली की मीही तिथेच. नव्या पुस्तकाच्या पाठीवर नंबराची पांढरी चिठ्ठी डकवायची असे, तिला कणकेची खळ लावून द्यायला मला फार आवडायचं.

१९९० साली तपासणीला सरकारी माणसं आली आणि शेतीविद्येच्या कोशाचे आठच्या आठ खंड जागेवर नाहीत असं निघालं. हिरवी कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं असा तो देखणा संच होता आणि तो घरी नेण्याची परवानगी कुणालाच नव्हती. काकासाहेब तेव्हाही अध्यक्षच होते. त्यांनी सभा बोलावली आणि सांगितलं, किल्ली छगनकडे असते. झालं! बुद्धवाड्यातल्या माणसावर चोरीचा आळ घ्यायला याहून जास्त पुरावा कुणालाच लागला नाही. आबांना काढून टाकलं.

तेवढ्यावरही काकासाहेबांचं समाधान झालं नाही. आमच्या वाचनालयाची एक रीत होती. पुस्तक बुडवणाऱ्याचं नाव दाराबाहेरच्या काळ्या फलकावर खडूने लिहायचं आणि पुस्तक परत आलं की पुसायचं. गावात त्या फलकाची एवढी लाज होती की सकाळी नाव लागलेला माणूस संध्याकाळच्या आत पुस्तक आणून टाकायचा. आबांचं नाव काकासाहेबांनी पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवून घेतलं. फलक माझ्या शाळेच्या वाटेवरच होता. दहावीचं अख्खं वर्ष मी त्या नावापुढून गेले. मुली "चोराची पोर" म्हणायच्या आणि मी दप्तर छातीशी धरून भराभर चालायचे. दहावी झाल्यावर आईने मला पुण्याला मावशीकडे धाडलं. आबा गुऱ्हाळावर कामाला लागले आणि पुन्हा त्या रस्त्याने कधी गेले नाहीत. बाजारला जायचं तर वेशीला वळसा घालून जायचे. त्या दिवसाबद्दल ते घरात एक अक्षर बोलले नाहीत.

मला ते नाव पुसायचं होतं, आणि ते काकासाहेबांच्या तोंडून पुसून घ्यायचं होतं. नाक घासत, चारचौघांत. कसं ते मला माहीत नव्हतं, पण एसटीत बसताना मी स्वतःला बजावलं की रिकाम्या हाताने परतायचं नाही.

फलक तिथेच होता. रंग उडाला होता, तरी "छगन" वाचता येत होतं.

काकासाहेबांनी मला ओळखलं नाही. शिपायाच्या पोरीचं तोंड अध्यक्षांच्या कशाला लक्षात राहील? खांद्याला पर्स, पुण्याचं बोलणं, म्हणजे मी त्यांच्या लेखी मॅडम. त्यांनी मला स्वतः खुर्ची सरकवून दिली. जुनी वेबसाइट त्यांच्या भाच्याने, समर्थने, क्लासमध्ये शिकून बनवली होती. पृथ्वीचा गोल गरगर फिरत होता, गुलाब फुलत आणि मिटत होता, आणि "सुस्वागतम" लाल-पिवळं लुकलुकत होतं. पुस्तकांविषयी एक ओळ नव्हती.

"बघा की मॅडम," काकासाहेब म्हणाले, "हे बघितलं का डोकंच फिरतंय. घरचं पोरगं हाय, म्हनून बोलता येत न्हाई. तुमी बाहेरचे लोक. तुमाला कुनाचं मिंधेपन न्हाई."

"अगदी खरं आहे," मी म्हणाले.

मला ओळखलं ते एकट्या पुंजारामकाकांनी. पुंजारामकाका तिथले ग्रंथपाल, आबांच्या बरोबरीचे. लहानपणी मला गोष्टींची पुस्तकं काढून देणारा तो एकच माणूस. काकासाहेब फोन घ्यायला बाहेर गेले तसे ते टेबलाशी आले, चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "छगनची रुपी ना गं तू?" मी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले. "कुनाला सांगनार न्हाई मी. तुजं काम कर. देवानंच धाडलं तुला." त्यांनी मला चहा पाजला, बिस्किटं आणली. त्या गावात मला एवढं एकच माणूस आपलं वाटत होतं.

वेबसाइटसाठी मजकूर आणि फोटो गोळा करायचे होते. संस्थापकांचे, इमारतीचे, वाचकांचे फोटो मी काढले. अध्यक्षांच्या फोटोचा विषय निघाला तेव्हा मी म्हणाले, "साहेब, इथेच काढू या, पुस्तकांच्या कपाटांपुढे."

"छे! हितं उजेड न्हाई आन् कपाटं गंजलेली," काकासाहेब म्हणाले. "बंगल्यावर चला. माझी स्वतःची लायब्ररी हाय. तज्ज्ञ मानसानं बघावी अशी."

बंगल्याच्या दिवाणखान्यात सागवानी काचेचं कपाट होतं. काकासाहेब कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट घालून आले, कपाटासमोर उभे राहिले आणि पुस्तकं नीट दिसावीत म्हणून त्यांनी स्वतःच काचेचं दार उघडून ठेवलं. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. त्यांच्या डाव्या खांद्यामागे ओळीने आठ हिरव्या पाठी उभ्या होत्या. प्रत्येक पाठीवर खाली पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर लाल शाईचा नंबर.

तेच आठ खंड होते. चिठ्ठ्यासुद्धा काढल्या नव्हत्या त्यांनी! नऊ वर्षांत एकदाही पुस्तक हातात घेतलं असतं, तर अंगठ्याखाली ती चिठ्ठी आलीच असती. पण पुस्तकं वाचायला आणली असतील तर ना. ती भिंतीला शोभा म्हणून आणली होती आणि त्यांच्यापायी माझा बाप चोर ठरला होता. त्या क्षणी मला वाटलं की कॅमेरा फेकून मारावा. मी दात-ओठ खाल्ले आणि म्हणाले, "साहेब, जरा उजवीकडे सरका. पुस्तकं झाकली जाताहेत."

ते सरकले. अर्धा रोल मी त्याच कपाटावर संपवला.

पुण्याला फोटो धुऊन आला तसा तो मी स्कॅनरवर घातला. प्रशांत म्हणाला, "एवढा मोठा फोटो पान उघडायलाच दहा मिनिटं लावेल, लहान कर." त्याचं बरोबर होतं. तेव्हाच्या फोनच्या लायनीवर असला फोटो म्हणजे वैताग. म्हणून मी दोन फोटो केले. पहिल्या पानावर मध्यम, आणि त्यावर टिचकी मारली की पडदाभर मोठा होणारा दुसरा. आमच्याकडे एक शिस्त होती, प्रत्येक पान कागदावर छापून गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि त्यावर त्याची सही घ्यायची. पुढे कुणी म्हणायला नको की आम्ही असं सांगितलंच नव्हतं.

ते छापील पान घेऊन मी पुन्हा श्रीगोंद्याला गेले आणि साळसूदपणे म्हणाले, "साहेब, तुमचा फोटो जरा लहान करू का? संस्थापकांच्या फोटोहून मोठा झालाय."

मला माहीत होतं ते काय करतील. त्यांनी पान दोन्ही हातांनी लांब धरलं, स्वतःकडे डोळे भरून बघितलं आणि पेन मागितलं. फोटोच्या कडेला लिहिलं, "मान्य. फोटो अजून मोठा करावा." आणि सही केली. पांढऱ्या चिठ्ठ्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या, पण माणूस आपल्या फोटोत आपल्याशिवाय दुसरं काय बघतो? मी ते पान पर्समध्ये ठेवलं. परतीच्या एसटीत मला एकटीलाच हसू फुटत होतं आणि शेजारची बाई माझ्याकडे टकमका बघत होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी घरी गेले. आबांना म्हणाले, "उद्या वाचनालयात या."

"मला न्हाई जमनार," ते म्हणाले.

"आबा, उद्या याच. मी आहे ना तिथे."

"गूळ उतरायचा हाय उद्या," एवढंच म्हणून ते अंथरुणावर पडले. आईने मला डोळ्यांनीच खुणावलं की नको ताणूस.

सोहळा सकाळी अकराला होता. वाचनालयाचा हॉल गच्च भरला होता. पुढे मास्तर, डॉक्टर, व्यापारी, कारखान्याची मंडळी, जुने सभासद, मागे शाळेची मुलं. नगरहून एक अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. पुण्याहून भाड्याने आणलेला प्रोजेक्टर टेबलावर होता, खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता आणि भिंतीवर पांढरा कपडा ताणला होता. सत्कार, हार, नारळ, भाषणं झाली. काकासाहेबांनी ज्ञान, संस्कार आणि पारदर्शक कारभार यांवर पाऊण तास घेतला. मग म्हणाले, "आता आपल्या पुण्याच्या मॅडम नवी वेबसाइट दाखवतील."

मी माऊस हातात घेतला. आधी इतिहास दाखवला, मग पुस्तकांची पानं, मग वाचकांचे फोटो. स्वतःचे चेहरे भिंतीवर बघून लोक खूश झाले. मग मी पहिल्या पानावर परत आले.

"आणि हे आपले अध्यक्ष," मी म्हणाले. "यांच्या फोटोला खास सोय केली आहे. साहेबांची तशी सूचनाच होती. फोटोवर टिचकी मारली की तो मोठा होतो."

मी टिचकी मारली. काकासाहेब भिंतीभर झाले. त्यांच्या खांद्याशी एकेक हिरवी पाठ हातभर उंच आणि पांढऱ्या चिठ्ठ्या ताटाएवढ्या. लाल नंबर शेवटच्या रांगेतल्या मुलांनाही वाचता येत होते.

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. त्या चिठ्ठ्या हॉलमधल्या प्रत्येकाच्या घरी पुस्तकावर बसून जाऊन आलेल्या होत्या. मी तो फोटो तसाच भिंतीवर राहू दिला. मागून कुणीतरी म्हणालं, "आन् छगन कुठंय मग?" दोघे-तिघे फिस्सकन हसले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं होतं हॉलमध्ये एकच गलका उडेल, पण तसं काही झालं नाही.

काकासाहेब उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण माणूस मुरलेला. माईक हातात येताच त्यांना सूर सापडला. "मंडळी, मॅडमनी माझ्या मनातलंच दाखवलं. हा दुर्मिळ ठेवा मी इतकी वर्षं जीवापाड जपला. आज सुवर्णमहोत्सवानिमित्त मी तो संस्थेला अर्पन करतो!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या! माझं डोकं भडकलं. मी तरातरा व्यासपीठावर चढले आणि त्यांच्या हातातल्या माईकवर हात ठेवला.

"साहेब, एक वाक्य राहिलं. ही पुस्तकं छगननं चोरली नव्हती, असं सांगा."

"कोन छगन?" ते म्हणाले.

"दाराबाहेर ज्याचं नाव तुम्ही ऑइलपेंटनं लिहिलंत तो. माझा बाप."

त्यांनी माझ्याकडे तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. नगरचे अधिकारी पुढे झुकून म्हणाले, "अध्यक्ष, हा काय प्रकार आहे? सांगा ना." काकासाहेबांचे ओठ हलले. काहीतरी पुटपुटले, माईकपासून तोंड दूर ठेवून.

"ऐकू आलं नाही," मी म्हणाले आणि माईक त्यांच्या मिशांना टेकेपर्यंत पुढे धरला.

"छगननं पुस्तकं चोरली न्हवती."

"ती कुणाकडे होती?"

"माझ्याकडं हुती."

"परत एकदा. मागच्या मुलांसाठी."

त्यांनी परत सांगितलं. घाम त्यांच्या गालांवरून गळपट्टीत उतरत होता आणि मी तो जवळून, पोटभर बघितला. मग मी माईक ठेवला, पर्स उचलली आणि बाहेर पडले. दारात पुंजारामकाकांनी माझे दोन्ही हात धरले. रडत होते ते. "पोरी, पांग फेडलंस," एवढंच म्हणाले. मीही त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले.

घरी आबा दाराशी बसून खुरप्याला नवी मूठ बसवत होते. गूळबीळ काही उतरायचा नव्हता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी खुरपं खाली ठेवलं.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"माईकवर म्हनला?"

"माईकवर. दोनदा."

आबा हसले. इतक्या वर्षांत त्यांना असं दात दाखवून हसताना मी बघितलं नव्हतं. आई पदराने डोळे पुसत चुलीशी गेली. मला वाटलं, जिंकलो. आता आयुष्यात दुसरं काही मिळालं नाही तरी चालेल.

"कोन कोन हुतं?" आबांनी विचारलं.

"सगळे होते. मास्तर, डॉक्टर, पेठेतले सगळे."

"काय म्हनले?"

"काही नाही. मान खाली घालून बसले."

"घालनारच. त्येंना नवं काय हुतं त्यात?" आबा शांतपणे म्हणाले. "साहेबाच्या बंगल्याची वास्तुशांत हुती. म्हनला, मोठे पाव्हने येनार, कपाट मोकळं दिसतंय, आठ दिवसांला पुस्तकं आनून दे. भर बाजारातनं सायकलीवर न्हेली मी. झाकून न्हाई न्हेली. समद्या गावानं बघितली."

"मग सभेत सांगायचं ना आबा!"

"सांगितलं की. साहेब म्हनला, साक्षीदार दे. मी दिला. संगं हुता त्यो माज्या, सायकलीला दोरी त्येनंच आवळली. सभेत इचारल्यावर म्हनला, मला काय ठावं न्हाई."

"कोण?"

"पुंजाराम."

मला ते खरं वाटेना. "आणि मला कधीच सांगितलं नाहीत?"

"तुला त्यो गोष्टीची पुस्तकं द्यायचा. काका काका करायचीस. म्हनलं, पोरीला गावात एक तरी मानूस ऱ्हाऊ दे चांगलं."

काकासाहेबांचा राग करणं किती सोपं होतं ते मला तेव्हा कळलं. त्यांनी कधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला नव्हता, मला चहा पाजला नव्हता. चोर चोरासारखा वागला. पण ज्याच्या एका 'होय'ने आबांची नोकरी, त्यांचं नाव आणि माझं दहावीचं वर्ष वाचलं असतं, त्याच्याच खांद्यावर मी तासाभरापूर्वी डोकं टेकून आले होते.

बाहेर पावलं वाजली. वाचनालयाचे दोन संचालक होते आणि त्यांच्यापुढे पुंजाराम. हातात शाल आणि नारळ. "छगनराव," तो म्हणाला, "मंडळानं ठरवलंय, तुमचा सत्कार करायचा. फलक उतरवला आमी. मी सोता उतरवला."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. पुंजारामने आबांची नजर टाळली आणि माझ्याकडे वळला. मग त्याला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्याचे पुढे झालेले हात तसेच थांबले.

"रुपे, मला तवा लेकरं लहान हुती गं," तो म्हणाला.

"मीही लहानच होते," मी म्हणाले.

शाल त्याच्याच हातात राहिली. संचालक एकमेकांकडे बघत मागे सरले. मी दार लावून घेतलं. पलीकडून तो "छगन, छगन" अशा हाका मारत होता.

आबांनी खुरपं पुन्हा हातात घेतलं. "कडी बी घाल," ते म्हणाले.